थंड म्हणजे किती

मी लालबागची, जन्मापासून. चाळ आता नाय, तिथे टॉवर उभा आहे आणि त्याच टॉवरात बाराव्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली. वडील मिलमध्ये होते, साच्यावर, म्हणजे मागावर, आणि गाव मालवणच्या खालच्या अंगाला, पण घरात पोहता कोणालाच येत नव्हतं. मलाही येत नाय. हे आधीच सांगून टाकते, कारण मी तीस वर्षं पाणबुड्या माणसांची, डायव्हर लोकांची, मशीनं दुरुस्त केली म्हटल्यावर लोकांना वाटतं ही बाई माशासारखी पोहत असणार. दादरच्या चौपाटीवर घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले तरी मला गरगरतं. हसा तुम्ही, मयुरी पण हसते. मयुरी म्हणजे माझी मुलगी, एकुलती एक, आणि खरं तर तिचंच सांगायचं आहे तुम्हाला, पण मी अशीच वळणं घेत बोलते, तुम्ही लिहिताना काय ते सरळ करा.

लग्नाआधीपासून मी घड्याळाच्या कारखान्यात होते, बारीक स्प्रिंगा, बारीक स्क्रू, डोळ्याला भिंग लावून दिवसभर तेच. तो बंद पडला. मग कोणीतरी सांगितलं माहीमला एक अंकल आहेत, त्यांना बारीक कामाला माणूस पाहिजे. अंकल म्हणजे खोताच्या वाडीतले, ईस्ट इंडियन ख्रिश्चन, आधी गोदीत पाणबुडे होते, बोटींच्या बुडाखाली काम करायचे, गुडघे गेले तेव्हा वर बसून दुसऱ्यांची मशीनं नीट करायला लागले. त्यांनी मला काय शिकलीस, कुठली, काही विचारलं नाय, एक स्क्रू हातात दिला आणि बसव म्हणाले. मी बसवला. म्हणाले पोरी तुझा हात हलत नाय, उद्यापासून ये. तशी मी गेले ती तीस वर्षं गेले. मिस्टर मधेच वारले, मयुरी आठवीत होती, तेव्हा तेरा दिवस काय ते घरी बसले, चौदाव्या दिवशी परत कामावर.

आता मशीन म्हणजे काय ते सांगते, नायतर पुढचं कळणार नाय. रेग्युलेटर. पाठीवरच्या बाटलीत हवा कोंबून भरलेली असते, ती तशीच तोंडात सोडली तर फुफ्फुसं फाटतील. म्हणून बाटलीच्या तोंडाशी एक भाग, तो हवेचा जोर कमी करतो, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला तोंडात धरायचा भाग, तो श्वास ओढला की तेवढीच हवा देतो. एवढंच. बाटलीकडच्या भागात दोन जाती, एक पिस्टनवाला आणि एक पडदेवाला. पिस्टनवाल्यात समुद्राचं पाणी आत शिरून थेट स्प्रिंगेला लागतं, पडदेवाल्यात मध्ये रबराचा पडदा असतो, पाणी बाहेरच राहतं. मला विचाराल तर मी कायम पिस्टनवाली. सुटे भाग कमी, हवा मोकळी देतो, उघडला, धुतला, ग्रीस लावलं, बंद केला. पडदेवाला म्हणजे भारी नखरे, पडद्यावर परत एक झाकण, बाहेरून मागवायचे भाग, आणि हे सगळं कशासाठी, तर थंड पाण्यासाठी. मी म्हणायचे आपल्याकडे कुठलं आलंय थंड पाणी.

पण तसं नव्हतं, थंड हा शब्द आमच्या वर्कशॉपात रोजचा होता. डिसेंबर-जानेवारीत तारकर्लीकडची मुलं मशीनं पाठवायची, फोनवर सांगायची काकी, पाणी लय थंड आहे, नुसते कुडकुडतोय. मग मी त्या मशीनला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, तिच्यावर लिहायचं थंड, आणि तोंडाकडच्या भागातला स्क्रू पाव फेरा घट्ट करायचा. अंकलनी शिकवलेलं. थंडीत हवा आपोआप सुटू नये म्हणून. तीस वर्षं थंड म्हणजे पाव फेरा. माझं एकही मशीन पाण्यात दगा देऊन परत आलं नाय, आणि हे मी चारचौघांत मिरवायचे, हो, मिरवायचे, कबूल करते.

मयुरी त्याच तारकर्लीला सुट्टीत गेली आणि तिथून तिला पाण्याचं वेड लागलं. पुढे शिकवायला लागली, टुरिस्ट लोकांना खाली नेऊन मासे दाखवायची. पण बत्तिसाव्या वर्षी म्हणाली आई, मला हात धरून लोकांना फिरवायचं नाय, मला काम करायचंय. आणि तिला मिळालं, उत्तरेत डोंगरात एक धरण आहे, त्याच्या भिंतीला पाण्याखाली कुठे तडे गेलेत ते बघायचं. कंत्राटदार म्हणाला रेग्युलेटर स्वतःचा आणा.

मी बांगडे साफ करत होते तेव्हा ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. म्हणाली आई, तिथली मुलं सांगतायत पडदेवाला घे, झाकणाचा, पाणी थंड असणार. मी फोटो बघितला. म्हटलं बाय, त्याला उघडणार कोण, बिघडला तर कुठे पाठवशील, माझ्या हातचा घेऊन जा, तुझा पिस्टनवाला, मी करते बरोबर. ती म्हणाली नक्की ना. मी म्हटलं तीस वर्षं काय गोट्या खेळले काय गो मी. आणि मी तिचं मशीन उघडलं, धुतलं, नवीन रिंगा घातल्या, स्क्रू पाव फेरा घट्ट केला, आणि सवयीने चिठ्ठी बांधली. थंड.

थंड म्हणजे किती, हे मी विचारलं नाय. काय सांगू तुम्हाला, मला तो प्रश्न सुचलाच नाय. आमचं थंड म्हणजे चोवीस-पंचवीस डिग्री. तिथलं पाणी चार.

कोंबलेली हवा सुटते तेव्हा गार होते, डिओचा फवारा मारला की बगलेत कसं गार लागतं, तसं. आपल्या समुद्रात आजूबाजूचं पाणी कोमट, ते मशीनला ऊब देतं. चार डिग्रीच्या पाण्यात ऊब द्यायला कोण आहे. स्प्रिंगेला लागलेलं पाणी गोठलं, पिस्टन उघडा तो उघडाच राहिला, आणि सगळी हवा भसाभस तोंडाकडच्या भागातून बाहेर. अठरा मीटर खाली, भिंतीला लागून, बुडबुड्यांत तिला स्वतःचा हात दिसेना. माझा पाव फेरा तोंडाच्या टोकाला, आणि बर्फ झाला बाटलीच्या टोकाला. बरोबरच्या मुलाने त्याची जादा नळी तिच्या तोंडात घातली म्हणून ती आज आहे. पण ती घाबरून वर आली, पाहिजे त्यापेक्षा खूप लवकर, आणि पाण्याचा दाब एकदम सुटला त्यात तिचा डावा कान गेला. ऐकू येतच नाय त्या बाजूने. अंगाचा तोलही कानातच असतो, तीन महिने तर घरात भिंत धरून चालत होती.

आणि मला सगळ्यात काय लागलं असेल तर हे, की ती मला एक शब्द बोलली नाय. नातेवाईक आले की म्हणायची मशीन उत्तम होतं, पाणीच तसं होतं. मी म्हटलं बाय, बोल मला, शिव्या घाल, माझी चूक आहे. तर म्हणाली आई, पांघरूण दे जरा. मी काय करू सांगा, मला कोणी शिक्षा पण देईना. अंकल आता नायत, असते तर एक सणसणीत तरी बोलले असते. मी वर्कशॉप सोडलं. कोणाचंही मशीन हातात घेतलं की हात हलायला लागला.

आता दीड वर्ष झालं. मयुरी परत निघाली आहे, त्याच धरणावर. एका डॉक्टरने सांगितलं एकच कान उरलाय, जाऊ नका, दुसऱ्याने कागदावर सही दिली. तिने पडदेवाला घेतला, झाकणाचा. मी म्हटलं दाखव, तर दाखवला, पण उघडू दिला नाय, म्हणजे नको म्हणाली नाय हां, म्हणाली आई, याला तिकडेच उघडतात, वेगळी हत्यारं लागतात. खरंच लागतात. मी तो नुसता हातात धरून बसले, वजनाला जड आहे. चांगला आहे असं वाटतं. मला कळत काहीच नाय त्यातलं.

परवा लालबागच्या बाजारात गेले, आमच्या नेहमीच्या कोळणीकडे. तिच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ वितळून पाणी झालेलं. मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. ती म्हणाली मावशी, पापलेट वर आहेत, पाण्यात काय शोधतेस. मी म्हटलं थांब जरा. मोजत होते. साठाच्या पुढे बोटं आहेत की नाय तेच कळेना, हाडापर्यंत कळ गेली, सत्तरला हात बाहेर काढला. माझी मुलगी त्यात अर्धा अर्धा तास असते. मी तिथेच बाजारात रडले, कोळणीने स्टूल दिलं बसायला, चहा मागवला.

आज सकाळी ती गेली, तुम्ही यायच्या दोन तास आधी. टॅक्सी खाली गेटवर उभी, ती वाकून बॅग ठेवत होती. मी तिच्या डाव्या बाजूला गेले, मुद्दाम, तिच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं जाऊ नको गो बाय, माझ्यासाठी जाऊ नको. सगळं बोलून घेतलं, जेवढं दीड वर्षात साठलं होतं तेवढं. ती बॅगेची चेन लावत राहिली. मग मी फिरून उजव्या बाजूला आले आणि म्हटलं, सुखरूप ये.