बाबांच्या सहीचा मका

हॅलो?… हो, बोल आत्या… नाही गं, बाबांचे कपडे वेगळे काढत होते… जेवेन नंतर. तू काम सांग.

…कसली चिठ्ठी? तपासणीची?… आत्या, तुझ्या गोदामातलं धान्य तपासणारा तुझा भाऊ जाऊन आज नववा दिवस. त्याची चिठ्ठी कुठून आणू?

…कोऱ्या? सह्या केलेल्या?… हो, आहेत. हात थरथरायचा त्यांचा. बरा असला की आठवड्याच्या सह्या एकदम उरकायचे. म्हणून काय… हो, हो… अगं ऐक ना! तो मका काल पाहिलाय मी. पोत्यात हात घातला, कोपरापर्यंत. ताप आलेल्या माणसाच्या काखेत घातल्यासारखा. बाहेर काढला तर बोटांना हिरवी बुरशी. तीनदा साबण लावला, वास अजून आहे.

…माहीत आहे, ऐन कापणीत पाऊस आला. माहीत आहे, थंडी पडलीच नाही. तिसरं वर्ष हे, आत्या! हवा बदलली हे तुला कळतं, मग सुकवायचं यंत्र का नाही घेतलंस? हवेला शिव्या द्यायच्या आणि बुरशी शाळेतल्या पोरांच्या ताटात वाढायची?

…चाळून बुरशी जाते, विष नाही जात. शिजवूनसुद्धा नाही.

…दुसऱ्या गाडीसाठी? म्हणजे पहिली… गेली? सकाळीच? शाळेच्या स्वयंपाकघरात?… आणि तिला कुठली चिठ्ठी लावलीस?… तुझ्याकडे होती एक. वा.

…कोण? बाबा?… गेल्या वर्षी?… असाच मका, स्वतः डोळ्यांनी बघून सही केली?

…

…नाही, रडत नाहीये. शिसारी येतेय. तुझी… आणि त्यांचीही. थांब जरा.

…असेल. बहिणीला नाही म्हणता येत नव्हतं त्यांना. मला येतं.

…हो, नाव त्यांचंच निघेल. सही त्यांची आहे, दुसऱ्या कुणाचं निघणार?… म्हणू देत लोकांना. गेलेल्या माणसाचं पोट दुखत नाही, आत्या. पोरांचं दुखेल.

…रागाव. खुशाल रागाव… नाही, संध्याकाळी येऊ नकोस. उद्याही नको… ठेवते मी. अकरा वाजत आलेत. शाळेतली पातेली चुलीवर चढायच्या आत फोन लागला पाहिजे.