भेग माह्या हातची

आमी मूळचे भंडाऱ्याकडचे. माहे बाबा इथं स्टील प्लांटात लागले, भट्टीच्या आतल्या विटा बदलाच्या गँगमध्ये, म्हून आमी भिलाईचे झालो. घरात मराठी, शाळेत हिंदी, शेजारी छत्तीसगढी, त्याच्यानं माही बोली ही अशी खिचडी, तुमाले लिहाले जड जाईन भाऊ, पन लिहा. नाव विमल. राहाले हुडको कॉलनीत. घरचे, म्हनजे पोरीचे बाबा, वेल्डिंगच्या कामावर होते, आता दम्यानं घरीच बसून राहतात.

मी हथखोज गावाले विटाइच्या कारखान्यात लागली तवा माही पोरगी बालवाडीत होती. साध्या विटा नाही, भट्टीत लावाच्या, आग सोसनाऱ्या. साच्यातून निघाली का कड घासाची, कोपरा पाहाचा, बाजूले ठेवाची, दुसरी उचलाची. लय वर्षं तेच केलं. आता सपनात बी डावा हात तसाच चालते म्हने माहा, घरचे सांगतात.

मंग मालकानं शेडच्या मागं एक बंद खोली बांधली, अन् एक मॅडम आनली, इंजिनियर. तिनं सांगतलं का इथं आरसे बनतीन. मी अन् सुखबती पोट धरून हसलो. सुखबती म्हनजे माही जोडीदारीन, उतई गावाहून येते, नवरा गेलेला, दोन पोरी अन् आंधळी सासू तिच्या एकटीच्या जिवावर. आमी पाहतो तं काय, राखाडी भुकटी, दाबून परातीएवढा गोल केलेला. याच्यात कोनाचं तोंड दिसनार? मॅडम म्हने, याले भट्टीत भाजलं का हा लोखंडाले ऐकत नाही इतका कडक होते, मंग दुसऱ्या गावी घासून घासून चमक आनतात, अन् मंग तो वर जाते, उपग्रहाच्या कॅमेऱ्यात. वर नेनं म्हनजे वजनाचा खेळ, म्हून त्याले मागून कोरून पोकळ करतात, मशीन तीन कोनाचे खाने पाडते, मोहोळातल्यावानी एकाले एक लागून, अन् मधातल्या भिंती कशा, तं पापडावानी. मशीनची कड खरबरीत राहते. ती साफ कराले हात पाहिजे होते. म्हून आमी दोघी.

काय सांगू तुमाले, भाजाच्या आधी तो माल म्हनजे शाळेतला खडू. जोरानं श्वास सोडाले भेव वाटे. टोकदार पातं घेऊन एकेक खाना, एकेक कोपरा, बसल्या जागी मान मोडून जाये, डोळ्यातून पानी. अन् पूर्ण झालं का कापसानं स्पिरिट पुसाचं. सारं भुरभुर सुकून जाते, पन कुठं भेग असली तं तिच्यात स्पिरिट थांबते, तेवढी रेघ ओली दिसते. तेवढीच. डोळा लवला का ते बी गेलं.

पयला नग भट्टीत फुटला. दुसरा फुटला. तिसरा सारा चांगला निघाला, तं मॅडमनं बोटाच्या पेरानं वाजवला, आवाज बद्द आला, मतलब आतून गेला. मॅडम तिथंच खाली बसली. तिचंबी लेकरू घरी सासूजवळ राहे, हे आमाले माहीत होतं.

चौथा नग आमी चार महिने केला. माल मागवनारे लोक स्वतः पाहाले येनार होते, त्याइच्यासमोर भट्टी लागनार होती. दोन दिवस राहिले होते, जेवनाची छुट्टी संपली होती, मॅडम मालकाकडे गेली होती. सुखबतीच्या हातून पातं सटकलं. आवाज बी नाही झाला. मी स्पिरिट पुसलं, अन् भिंतीच्या बुडाशी रेघ ओली राहिली, केसाएवढी. आमी दोघीनं पाह्यली. सुखबतीनं माहं मनगट धरलं, असं धरलं का वळ उठले, म्हने, झन बता दीदी, कोनो नइ जानय. सांगू नको म्हने, कोनाले नाही समजत. भुकटी पान्यात कालवून तिची लेई लावून बुजवू, भट्टीत जुळून जाईन. मले काढलं तं माह्या पोरी काय खातीन.

मी लेई लावली. खोटं कावून सांगू, मीच लावली, माह्याच बोटानं.

घरी आली, भात टाकला, पोरीनं विचारलं आई काय झालं, मी म्हनलं काही नाही. पन माह्या मनात एकच, भट्टीत नाही फुटला तं वर फुटीन. तिथं कोन जाईन त्याले पाहाले? अन् त्या मॅडमचं काय? सकाळी सहाच्या शिफ्टले गेली, मॅडम आलेलीच होती. मी म्हनलं, मॅडम, नगात भेग आहे, काल माह्या हातानं पडली, मी बुजवली, भट्टीत नोका लावू.

तिनं माह्याकडे पाह्यलं, लय वेळ पाह्यलं. मंग स्पिरिट घेतलं, पुसलं, पुन्हा पुसलं. लेई उतरली, अन् रेघ दिसली.

मालक आला अन् जे बोलला ते मी तुमाले नाही सांगत. शेवटी माह्या हातात हातोडी देली, म्हने तूच फोड. चार महिने ज्याच्यावर श्वास नाही टाकला ते फोडा म्हने. मी फोडलं. एका ठोक्यात भुगा झाला, वाळल्या मातीवानी. सुखबती घमेलं धरून उभी होती, तिनं एकदाबी वर नाही पाह्यलं. मले पुन्हा विटाइवर टाकलं. सुखबती तिथंच राहिली, अन् पाचवा नग तिनं केला, तो चांगला निघाला. मले कोनी बोलावलं नाही. मी शेडमधून पाह्यलं, लाकडाच्या पेटीत भरून नेऊन राहिले होते, चार जन, वरात निघाल्यासारखे.

त्याले झाले तीन वर्षं. सुखबती तवापासून माह्याशी बोलत नाही. भाऊ, शिव्या देल्या असत्या तं बरं. ती दुसऱ्या गेटनं जाते. मले समजते ते, माहं तोंड पाह्यलं का तिले ते सारं आठवत असन. पन माहं बी तं मन आहे.

अन् मागच्या महिन्यात मॅडम विटाइच्या शेडमध्ये आली, म्हने विमलताई, मोठा आरसा कराचा आहे, परत या. मंग हळूच म्हने, मले त्याच दिवशी समजलं होतं. पात्याचा ओरखडा उजव्या हाताचा होता, तुम्ही तं डाव्या हातानं काम करता. मी म्हनलं, मंग बोलल्या कावून नाही? तं म्हने, मालकाले कोनीतरी पाहिजेच होतं. तुमी जुन्या, तुमाले तो विटाइवर तरी ठेवीन, तिले गेटच्या बाहेर काढलं असतं.

बरोबरच बोलली. पन मले लय राग आला. तीन वर्षं मी एकटीनं वाहलं असं समजून राहिली होती, अन् हिले सारं माहीत. मी रडली नाही. वीट उचलली, कड घासली, दुसरी उचलली. ती उभी राहिली थोडी, मंग गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिले सांगतलं, मॅडम, माह्यानं आता होत नाही. धुळीनं छाती भरली, चष्मा लागला, केसाएवढी रेघ मले दिसनार नाही, अन् न दिसता हो म्हनाचं नाही. मोठा आरसा सुखबतीलेच द्या. तिचा हात आता माह्याहून चांगला झाला, खोलीच्या खिडकीतून दुरून पाह्यलं ना मी, खांदा हालत नाही तिचा. तो हात असाच राहो. बोलली नाही तरी चालते.