म्हातारीची शेवटची फेरी

मास्तर : ...आणि पोट भरून कधीच यायचं नाही. पण उपाशीही नाही. उपाशी पोटी उतारावर जीव घाबराघुबरा होतो. दोन केळी खायची, जरा वेळ जाऊ द्यायचा, मग रांगेत उभं राहायचं.

गिरकी : मास्तर, मी तर सकाळी चांगलं चापून आलोय.

मास्तर : मग तुझ्या मागे बसणाऱ्यांचं देव भलं करो. दुसरी गोष्ट. पार्कचं गेट उघडलं की सगळी मेंढरं समोर दिसेल त्या राइडकडे पळतात. आपण सरळ शेवटच्या टोकाला जायचं आणि उलटं यायचं. दुपारी मेंढरं चरायला बसली की समोरच्या राइड मोकळ्या.

गिरकी : कसलं भारी! हे कोणी सांगत नाही हो. आणि चष्मा?

मास्तर : दोरी. आपल्या कोस्टर मंडळातल्या प्रत्येकाला मी चष्म्याची दोरी शिवून दिली आहे. शिंप्याचा हात आहे बाबा, चष्मा जाईल पण दोरी तुटायची नाही.

गिरकी : विगलाही दोरी पाहिजे. गेल्या खेपेला त्या काळ्या लोखंडी कोस्टरवर माझ्या पुढे एक काका होते. पहिल्या गोल फेरीला त्यांचे केस उडाले आणि माझ्या तोंडावर येऊन बसले. मला वाटलं, मेलेलं मांजर!

मास्तर : परत दिलेस का?

गिरकी : छे, हवेत सोडले. काका उतरले ते डोक्याला रुमाल बांधूनच. बायको बरोबर होती बिचाऱ्याची, तिलाही बहुतेक तेव्हाच कळलं.

मास्तर : हा हा! माझ्या शेजारी एकदा एक बाई होती. चढताना नवऱ्याला शिव्या, उतरताना देवाला. थांबल्यावर मला म्हणते, भाऊ, माझी कवळी बघितली का?

गिरकी : मास्तर, आता खरं सांगा. मागचा डबा बरा की पुढचा?

मास्तर : मागचा फेकतो, पुढचा दाखवतो. मागे बसलास की अख्खी गाडी तुला उतारावरून खेचून नेते, बूड सीटवर टेकत नाही. पुढे बसलास की समोर काहीच नसतं. आधी नुसतं आभाळ, मग नुसती जमीन. रोज मागे बसावं. पण या लाकडी म्हातारीची शेवटची फेरी पुढूनच मारायची.

गिरकी : उद्या खरंच पाडणार?

मास्तर : करवती येऊन पडल्यात, मागच्या कुंपणाशी बघितल्या नाहीस? एवढी लाकडी राणी, नखाएवढी कुरकुर नाही तिची. तिच्या जागी चकचकीत लोखंडी आणणार.

गिरकी : म्हणतात ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.

मास्तर : मला म्हातारी मेल्याचंच दुःख आहे. नशीब, मंडळाच्या सोडतीत पहिल्या रांगेची चिठ्ठी आपल्याकडे आली.

गिरकी : आणि वहिनी, तुम्ही? इतकी वर्षं येताय, एकदाही नाही बसलात?

मास्तर : ही? अरे, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चक्कर येते हिला. हिची जागा ठरलेली, ते समोरचं बाकडं. आमच्या चपला, पाकिटं, बाटल्या मांडीवर घेऊन बसायचं. मंडळात हिला काय म्हणतात माहितीये? खुंटी.

गिरकी : खुंटी!

मास्तर : काहीही अडकवा, हूं नाही की चूं नाही.

बायको : खुंटीचं काय, मागे भिंत असली की झालं.

गिरकी : आणि मास्तर, हा शर्ट! पार हनुवटीपर्यंत बंद. उकडत नाही?

मास्तर : खास आजच्यासाठी शिवला. निरोप द्यायला जाताना माणसाने नीट दिसावं.

बायको : कॉलरमध्ये कडक कापड घातलंय, दुहेरी. मशीनवर बसायची बंदी असताना शिवला.

गिरकी : बंदी कसली?

मास्तर : काही नाही रे. हिची जीभ आज जरा सैल सुटली आहे.

बायको : गेटवरची मुलगी एकेकाला विचारतेय बघा. मान, पाठ, छाती, ऑपरेशन.

मास्तर : विचारू दे. नाही म्हणायला काय लागतं?

बायको : काही लागत नाही. बटणं तेवढी लावलेली असली पाहिजेत.

गिरकी : मास्तर, मानेला काही झालंय का?

मास्तर : झालं होतं. आता ठणठणीत.

बायको : गिरकी, मागून कॉलर जरा खाली कर.

मास्तर : हात लावायचा नाही!

गिरकी : बाप रे. हे टाके तर पार खांद्यापर्यंत आलेत.

बायको : आत धातूची पट्टी आहे, स्क्रूने बसवलेली. मानेचा पट्टा माझ्या पिशवीत आहे. पार्कच्या बाहेर काढला आणि माझ्याकडे दिला. खुंटीला अडकवला म्हण.

मास्तर : हळू बोल. लोक बघतायत.

बायको : डॉक्टर म्हणाले, आता एक झटका बसला तर हातपाय जातील.

मास्तर : जातील असं नाही म्हणाला. जाऊ शकतात म्हणाला.

गिरकी : मग कशाला, मास्तर?

मास्तर : कशाला? अरे, राहिलंय काय माझ्याकडे? मशीन बंद, कात्री बंद, वाकणं बंद. दुकानाला कुलूप. दिवसभर खांबासारखा खुर्चीत बसून असतो. या एका फेरीसाठी दिवस काढलेत मी. ही मारू दे. पुढचं पुढे. जे व्हायचं ते माझं होईल.

बायको : तुमचं काय व्हायचंय? तुम्ही पलंगावर पडून राहाल. भरवायचं मी, पुसायचं मी.

मास्तर : म्हणजे काळजी माझी नाही, तुझीच.

बायको : माझीच. तुम्हीच शिकवलंत, ज्याने त्याने आपापला दांडा घट्ट धरावा. गिरकी, पहिल्या रांगेतला कोणी गळला तर जागा कोणाला जाते?

गिरकी : मंडळाचा नियम आहे वहिनी. मागचा पुढे सरकतो.

बायको : मागे कोण आहे?

गिरकी : मागे... मीच आहे.

मास्तर : गिरकी, तोंड बंद ठेव. पहिल्या दिवशी उतरल्यावर गिरकी खाऊन पडला होतास. तुला उचललं कोणी?

बायको : आणि नाव ठेवलं कोणी?

गिरकी : मास्तर, राग मानू नका, पण वहिनींच्या बोलण्यात तथ्य आहे. जिवापेक्षा फेरी मोठी नाही.

मास्तर : कालच म्हणत होतास, म्हातारीवर मरण आलं तर सोनं होईल!

गिरकी : ते मी जनरल म्हणालो. हां ताई, आलो आलो. नाही, मला काही नाही, मी फिट. पण ह्या काकांचं मानेचं ऑपरेशन झालंय. हो, आत पट्टी आहे. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं.

मास्तर : काका? काका काय रे, हरामखोर!

गिरकी : तुमच्या भल्यासाठीच ना.

मास्तर : ताई, ऐका. या पोराला काही कळत नाही. जुनं आहे ते, सगळं भरून आलंय. हे बघा, मी मान वळवून दाखवतो... वळवतो ना... जरा थांबा...

बायको : पुरे करा. ती नाही म्हणतेय. मान हलवून नाही म्हणतेय. ज्याला हलवता येते त्याची मजा आहे.

गिरकी : मग वहिनी, मी सरकू का पुढे? गाडी लागली.

बायको : थांब. चिठ्ठीवरचं नाव तर वाच.

गिरकी : मास्तरांचंच असणार की. द्या... हे तर तुमचं नाव आहे.

बायको : यांनी मला मंडळाची सभासद का केलं, ठाऊक आहे? सोडतीत एकाच घरातल्या दोन चिठ्ठ्या पडाव्यात म्हणून. यांच्या नावाची निघालीच नाही. खुंटीच्या नावाची निघाली.

मास्तर : एकाच घरातली माणसं आपण. तुझं काय आणि माझं काय!

बायको : तेच म्हणते मी. तुम्ही बसलात काय आणि मी बसले काय.

गिरकी : तुम्ही? म्हातारीवर? पहिल्या रांगेत?

मास्तर : वेड लागलंय हिला. अगं, चढणीलाच किंचाळून गाडी थांबवशील.

बायको : ते बाकडं बघ, गिरकी. रंग कितीदा बदलला, पण जागा तीच आहे. मला पाचवा महिना होता. तिथे बसल्या बसल्या कळा सुरू झाल्या. यांना म्हटलं, काहीतरी बिघडलंय हो, घरी चला. म्हणाले, आज रांग रिकामी आहे, एक फेरी मारून आलोच.

मास्तर : हे आत्ता बोलायचं? चारचौघांत?

बायको : एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. गाडी थांबली तरी हे उतरायचे नाहीत, बसल्या जागी पुढची फेरी. मी पोट धरून दुमडले होते. मांडीवर यांचं पाकीट होतं, ते पडू नये म्हणून एका हाताने धरलं होतं. शेवटी इथल्या झाडूवाल्या बाईंनी मला उचलून नेलं. मुलगी होती.

गिरकी : वहिनी, मला हे माहीत नव्हतं.

मास्तर : मी हजारदा सांगितलंय. वरून दिसत नाही गं काही! गाडी सुसाट असते. खाली माणसं म्हणजे नुसते ठिपके. दिसलं असतं तर चालत्या गाडीतून उडी टाकली असती मी.

बायको : दवाखान्यातही हेच म्हणालात. वरून दिसत नाही. त्या एका वाक्यावर मी तुमच्याबरोबर नांदले. ज्याला दिसलंच नाही, त्याच्यावर रागवायचं कसं? म्हणून नाही रागावले. पण म्हातारी उद्या नसणार. मला एकदा वरून बघायचंय.

मास्तर : काय बघायचंय? काही नाही बघण्यासारखं! ऐक माझं. तुझी जागा गिरकीला दे. दे त्याला. मला चालेल.

गिरकी : हो वहिनी, आता मास्तर स्वतःच म्हणतायत तर...

बायको : आत्ता हरामखोर होता ना? लगेच चालायला लागला?

मास्तर : अगं, तुला चक्कर येते. काही झालं म्हणजे?

बायको : घाम फुटलाय तुम्हाला. कॉलर उघडा आता, झाकायचं काय राहिलंय? हा पट्टा घ्या. ही पर्स, ह्या चपला, ही बाटली. गिरकी, तुझा मोबाइल दे यांच्याकडे. बसा बाकड्यावर.

मास्तर : मी हात जोडतो तुला. नको जाऊस.

बायको : एक फेरी मारून आलेच.

(गाडी खडखडत चढणीला लागते, माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखी होते आणि कोसळते. किंचाळ्या. सगळी वळणं घेऊन ती परत येते. टाळ्या वाजतात.)

गिरकी : मास्तर! काय सांगू तुम्हाला! तिसऱ्या टेकाडाला मी अख्खा हवेत. म्हातारीने जाता जाता जीव ओतला हो. तुम्ही असायला पाहिजे होतात, म्हणजे, असो. वहिनींनी हूं की चूं केलं नाही. मोबाइल द्या माझा. वर सगळ्यांचा फोटो काढतायत.

मास्तर : मीही येऊ?

गिरकी : नाही, फोटो बसलेल्यांचाच आहे. निघतो हां, काका.

मास्तर : ...आलीस? ये, बस. पडशील. घाबरलीस का?

बायको : चपला द्या माझ्या.

मास्तर : ह्या घे. कशी होती गं? पुढून पहिला उतार? आधी आभाळ दिसलं असेल, आणि मग...

बायको : काय माहीत. डोळे गच्च मिटून घेतले होते.

मास्तर : सगळा वेळ मिटले होतेस?

बायको : जवळजवळ सगळा वेळ.

मास्तर : होतं असं. पहिल्या खेपेला सगळ्यांचंच होतं. वाईट नको वाटून घेऊस. चल, घरी जाऊ.

बायको : शेवटच्या वळणावर तेवढे उघडले.

मास्तर : चल ना. अंधार होईल.

बायको : बाटलीचं झाकण पडलं होतं तुमचं. वाकता येत नव्हतं, म्हणून पायाने ओढत होतात.