पाच वाजेपर्यंतचा अर्ज

(इस्पितळाच्या बायकांच्या वॉर्डामागची चादरींची खोली. दुपारचे चार.)

धाकटी : कारण विचारू नकोस, ताई. फक्त अर्ज लिही.

ताई : अगं, धापा टाकत आलीस, आल्या आल्या दार लावलंस, आणि आता म्हणे अर्ज लिही. कसला अर्ज? रजेचा? लग्नाचा?

धाकटी : स्वेच्छानिवृत्तीचा. पाचच्या आत कार्यालयात गेला पाहिजे. आवक-नोंद झाली पाहिजे. आणि पोच घ्यायची, शिक्का मारलेली.

ताई : कोणाची निवृत्ती?

धाकटी : तुझी.

ताई : बस. नाडी बघू. ताप-बीप आलाय का?

धाकटी : मी चेष्टा करत नाहीये.

ताई : मी करतेय का? बाहेर बत्तीस पेशंट आहेत, आम्ही सिस्टर दोन. त्यातली एक आज जेवायलाच गेलेली नाही, ती म्हणजे मी. माझं वय एकोणपन्नास. दोन वर्षांत हेडसिस्टर होईन, नाही झाले तरी नऊ वर्षं शिल्लक आहेत. आणि तू म्हणतेस घरी बस. का? ह्यांनी काही सांगितलं का तुला?

धाकटी : भाऊजींचा काही संबंध नाही. म्हणजे आहे, त्यांच्या औषधपाण्याचा आहे, पण ते काही बोललेले नाहीत. हे बघ, तुझी तेवीस वर्षं पूर्ण झालीत. वीसच्या वर झाली की अर्ज करता येतो.

ताई : माझी वर्षं तुला कधीपासून तोंडपाठ?

धाकटी : ताई, सव्वाचार होतील आता.

ताई : होऊ देत. तुझा फोन तीन दिवस बंद होता. मी चार वेळा लावला. शेवटी तुझ्या पोरीला विचारलं, तर म्हणाली, आई प्रेसमध्येच झोपते, काहीतरी गुप्त छपाई आहे.

धाकटी : तिने असं सांगायला नको होतं.

ताई : लेकरू आहे ते. तुझ्यासारखी सरकारी प्रेसातली प्रूफरीडर नाही. कधी सोडलं तुम्हाला?

धाकटी : आज दुपारी. गठ्ठे सील करून गेल्यावर. बाहेर काही बोलणार नाही म्हणून सही घेतली, मग फोन परत दिले. मी फोन न करता आले. दोन बस बदलून आले.

ताई : आणि उद्या अधिवेशन सुरू होतंय.

धाकटी : मी काही बोललेले नाही.

ताई : पेन्शनचं आहे.

धाकटी : मी काहीही बोललेले नाही, ताई.

ताई : तू कधी बोलतेस? बाबांच्या वेळीसुद्धा अशीच उभी राहायचीस, हात चोळत. पाच महिने. त्यांना काय झालंय ते तुला माहीत होतं, आणि मी, घरातली नर्स, त्यांना पित्ताच्या गोळ्या देत होते.

धाकटी : त्यांनी शपथ घातली होती मला.

ताई : ती पाळलीस. छान पाळलीस. रिपोर्ट मला मिळाला तो ते गेल्यावर, त्यांच्या उशीखाली.

धाकटी : आज मोडायलाच आलेय ना! सही करून, दोन तासांच्या आत मोडायला आलेय. निदान ऐकून तरी घे.

ताई : सांग. हळू बोल, भिंतीपलीकडे पेशंट आहेत.

धाकटी : आमच्याकडे एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने खुणा करायच्या अशी पद्धत आहे. स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा वाचायचे. मी वाचत होते. कलम सात आलं. शेवटच्या पगारावर ठरणारं पेन्शन बंद. त्याऐवजी दरमहा पगारातून कापून फंड, आणि तो बाजारात जसा चढेल-उतरेल तसं म्हातारपण. निवृत्तीनंतर नवऱ्या-बायकोला मिळणारे उपचारही बंद. मी मध्येच थांबले. खोकल्याचं नाटक केलं, पाणी प्याले, आणि परत पहिल्यापासून वाचलं. चार वेळा वाचलं. कुठे 'वगळून' राहिलंय का, 'यापुढे नेमलेल्यांना' असं राहिलंय का, म्हणून बघत होते. काही राहिलेलं नव्हतं. एकही चूक सापडली नाही.

ताई : सगळ्यांना? जुन्यांनासुद्धा?

धाकटी : सगळ्यांना. फक्त विधेयक मांडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ज्यांचा निवृत्तीचा अर्ज आवक झाला असेल, त्यांना जुना नियम. उद्या अकराला मांडणार. म्हणजे आज पाच.

ताई : तुझं काय?

धाकटी : माझी अकराच वर्षं झालीत. मला काही करताच येत नाही. म्हणून तर डोकं जरा शांत आहे.

ताई : ह्यांचा उजवा हात अजून उचलत नाही. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, व्यायाम आणि औषधं जन्मभर. मी म्हटलं, काही हरकत नाही, आमची सोय आहे. असं म्हणाले मी. तोऱ्यात.

धाकटी : म्हणून म्हणते, लिही. कागद आणलाय मी.

ताई : पेन दे. काय लिहू? 'वैयक्तिक कारणास्तव'?

धाकटी : 'कौटुंबिक' लिही. भाऊजींचं आजारपण आहेच, खोटं पडत नाही.

ताई : हे बरं शोधून ठेवलंस. 'महोदय, मी खाली सही करणार...' थांब. प्रेसमध्ये रुजू होताना फॉर्मवर नातेवाईक लिहून घेतात ना? कोण कुठे नोकरीला आहे ते?

धाकटी : घेतात.

ताई : माझं नाव आहे त्यात?

धाकटी : पहिलंच.

ताई : म्हणजे बहिणीने दुपारी गठ्ठा बांधला आणि बहिणीने संध्याकाळी अर्ज टाकला. हे शोधून काढायला पोलीस कशाला लागतोय? शिपाईसुद्धा काढेल.

धाकटी : ते माझं मी बघेन.

ताई : काय बघशील? नोकरी जाईल ते, का खटला होईल ते? पोरगी दहावीला आहे तुझी. नवरा आधीच पळालाय. काय बघशील ग तू?

धाकटी : बसमध्ये सगळा विचार केलाय. लिही तू. साडेचार झाले, ताई.

ताई : सारखं घड्याळ काय दाखवतेस! मला घाई केलेली चालत नाही, अक्षर बिघडतं... कोण आहे? या, उघडंच आहे. नाही, कडी आहे. थांबा.

मावशी : अगं बाई, पाहुण्या आल्यात होय! म्हटलं सिस्टर दार लावून बसल्यात तरी कशाला. नऊ नंबरला चादर पाहिजे, परत ओली केली आजीने. आणि तुमच्या त्या जोडीदारीण सिस्टर विचारतात, येताय का मुक्काम आहे?

ताई : येतेच म्हणावं. मावशी, ही माझी बहीण.

मावशी : दिसतंच आहे. नाक तेच. बसा हो बाई, उभ्या का? बसायला मिळतंय तोवर बसावं. माझे गुडघे बघा, जिना चढले की असे बोलतात, कटाकटा. तीस वर्षं झाली ह्या वॉर्डात झाडू-पोछा, बेडपॅन. बाळंत झालेल्या पोरींच्या पोरी आता इथेच बाळंत होतात.

धाकटी : तीस वर्षं?

मावशी : गेल्या महिन्यात झाली. चार महिन्यांपासून राजीनामा लिहून कपाटात ठेवलाय. राजीनामा नव्हे हो, ते दुसरं. स्वेच्छा की काय ते. तुमच्या बहिणीनेच लिहून दिला, हिच्यासारखं अक्षर नाही कोणाचं. तारीख तेवढी टाकायची राहिलीय. देणारच होते, तर हिनेच अडवलं. म्हणाली, मावशी, एक वर्ष काढा, नवीन बाई मिळेपर्यंत. मग म्हटलं, हिचा शब्द कसा मोडायचा?

ताई : मावशी.

मावशी : काय हो? चादर देताय ना?

ताई : तो अर्ज आज देऊन टाका.

मावशी : आज? कशाला?

ताई : आजच. आत्ता. तारीख टाका आणि खाली कार्यालयात नेऊन द्या. पोच मागा.

मावशी : आत्ता वॉर्ड धुवायचाय मला. आणि वर्षभर थांबा म्हणालात ना? तुमच्याच भरवशावर मी लेकीला सांगितलं, पुढच्या वर्षी येते तुझ्याकडे राहायला.

ताई : म्हणाले होते. आता नको. होत नाही तुमच्याकडून. परवा सहा नंबरचं बेडपॅन सांडलंत. काल औषधाची ट्रॉली धडकवलीत.

मावशी : ती चाकामुळे! चाक वाकडं आहे, तुम्हीच तक्रार लिहिलीत त्याची.

ताई : दरवेळी चाक नसतं, मावशी. वय झालं तुमचं. तुमच्या मागून फिरत मला निस्तरावं लागतं. नाही झेपत मला.

मावशी : चादर द्या इकडे.

ताई : जा. पाचला बंद होतं ते.

मावशी : सिस्टर, तुमच्या पहिल्या रात्रपाळीला पेशंट दगावला होता, तेव्हा ह्याच खोलीत तुम्हाला पाणी पाजलं होतं मी. म्हातारी झाले असं म्हणायचं होतं, तर एकटीला म्हणायचं होतं. परक्या बाईसमोर नव्हतं म्हणायचं.

ताई : जा म्हणते ना.

मावशी : जाते. देते अर्ज. पोचही आणते, शिक्का मारलेली, आणि तुमच्या हातात ठेवते. मग उद्यापासून शोधा बिनगुडघ्याची बाई. ही चादर मी नेते, आजी ओलीत पडलीय. तिचा काय दोष?

धाकटी : गेल्या. ताई, अगं, किती लागलं त्यांना.

ताई : लागलं. लागलं म्हणूनच जातील. नाहीतर तासभर गप्पा मारून उद्या बघू म्हणाल्या असत्या.

धाकटी : त्यांना खरं सांगितलं असतंस तर?

ताई : मावशींच्या तोंडात तीळ भिजत नाही. पाचच्या आत अख्ख्या इस्पितळाने रांग लावली असती, आणि उद्या तू गजाआड. त्यांचा अर्ज चार महिन्यांचा आहे, कपाटात सगळ्यांनी पाहिलाय. त्यांच्यावर कोणी बोट ठेवणार नाही. आणि त्यांना अडवलं होतं मी, माझ्या सोयीसाठी. तेवढं तरी फेडायला हवं होतं.

धाकटी : उद्या अकराला कळेलच त्यांना.

ताई : कळेल. तोवर मी वाईट.

धाकटी : तू रडतेयस.

ताई : फिनेल आहे ते, डोळ्यांत जातं. ... बाबांचं तुला असंच व्हायचं का ग? माझ्याकडे बघून?

धाकटी : रोज. तू गोळी द्यायचीस आणि विचारायचीस, आता बरं वाटतंय ना बाबा? मी स्वयंपाकघरात निघून जायचे.

ताई : मला वाटायचं, कामचुकार आहेस.

धाकटी : माहीत होतं मला, तुला तसं वाटतं ते.

ताई : एकदा तरी भांडायचंस.

धाकटी : भांडताना तोंडातून निघून गेलं असतं.

ताई : हं.

धाकटी : ताई, कागद अर्धाच आहे. पुरा कर.

ताई : नाही करत. फाडते. तुकडे तू घेऊन जा, इथल्या टोपलीत नकोत.

धाकटी : असं काय करतेस! मी कोणासाठी आले मग? माझ्या शिक्षणाच्या वेळी तू फी भरलीस, पोरीच्या बाळंतपणात तीन महिने घरी ठेवून घेतलंस. एकदा तरी मला काही करू दे!

ताई : केलंस की. मावशींच्या लेकीला विचार पुढच्या वर्षी.

धाकटी : मावशींसाठी नव्हते आले मी! आणि भाऊजी? त्यांचा हात?

ताई : त्याची भीती वाटतेय. वाटत नाही असं नाही म्हणत मी. पण उद्या मांडणार ना ते? मांडलं म्हणजे मंजूर झालं नाही. आमच्या युनियनचा सेक्रेटरी एरवी झोपलेला असतो, त्याला उद्या सव्वाअकराला उठवते. नर्स रस्त्यावर उतरल्या की बघतात लोक. आणि भांडायला नोकरीत असावं लागतं. निवृत्त बाईचं कोण ऐकतंय?

धाकटी : आणि नाही ऐकलं तर?

ताई : तर नऊ वर्षं आहेत माझ्याकडे. काहीतरी करू. तू आत गेलीस तर मी काय करू, ते मला सुचत नाही. बाकीचं सुचेल.

धाकटी : अजून वेळ आहे, ताई. वीस मिनिटं आहेत. दुसरा कागद आहे माझ्याकडे.

ताई : वीस मिनिटं आहेत ना?

धाकटी : हो.

ताई : मग बस की जरा माझ्याजवळ.