गिटारीची अर्थिंग

वडवणीत अजीजचाचांच्या मोटर-रिवाइंडिंगच्या दुकानी मोहनराव विहिरीवरची जळालेली मोटर भरून घ्यायला बसले होते. एवढ्यात ऑर्केस्ट्रातला अल्ताफ गिटार घेऊन आला आणि सरळ चाचांपुढं उभा राहिला.

"चाचा, ही स्पीकरला जोडली की लई गुणगुणती."

"तारांना हात लावला की?"

"फरक न्हाई. जॅकच्या पिनेला लावला की गप होती."

"लाडाची हाय. मागचं झाकण काढ. ही तारांच्या अर्थिंगची वायर कुणी तोडली बे?"

"मीच. परवा मंडपात झटका बसलता."

"झटका दिला मंडपाच्या बोर्डानं आन् सजा गिटारीला?"

"हसू नका चाचा, उद्या इथंच एक हळद हाय. जोडून द्या."

चाचांनी वायर जोडून सोल्डर मारला.

"उद्या आधी बोर्डाची अर्थिंग बघ, मगच हिला हात लाव. आता वाजव."

अल्ताफनं दुकानातल्या स्पीकरवर अख्खं गाणं वाजवलं.

"गेली चाचा, गुणगुण गेली!"

"गेली ना. आता तू कुठं कुठं चुकतो, ते साफ ऐकू येतंय."

"कुठं चुकलो?"

"चार ठिकाणी. आधी गुणगुणीत झाकून जायचं."

"मग चाचा, उद्यापुरती ती वायर काढून द्या की."

"खबरदार वायरीला हात लावला तर," मोहनराव बाकावरून म्हणाले. "हळद माझ्या पोरीची हाय. चाचा, माझी मोटर भरायला किती वेळ लागंल?"

"तीन तास."

"बस रं हितं. तीन तास वाजव."