कारण विचारायचं नाही

बसच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. दोघींच्या खांद्यावर पाण्याखाली उतरायच्या सामानाच्या जड पिशव्या होत्या, केस मात्र अगदी कोरडे.

“वहिनी, बघ, आता कसं लख्ख ऊन पडलंय! बाकीच्या चौघी खाली जाऊन आल्या, त्यांना कासव दिसलं. आणि आपण किनाऱ्यावर त्यांचे टॉवेल राखत बसलो.”

“दिसेल की आपल्यालाही. कासव कुठे पळून जातंय?”

“तू गुडघाभर पाण्यातून ‘आज नको’ म्हणालीस. नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, हा आपला नियम मी पाळला.”

“गुणाची गं ती!”

“पण नियम पाण्यातला. आता आपण रस्त्यावर आहोत. आता सांग.”

“पाण्यात शिरताना तू माझ्या सिलिंडरचा नळ दोनदा तपासलास. तुझा स्वतःचा बंदच होता.”

“काय सांगतेस!”

“हात लावून बघितला मी.”

“मग तेव्हाच सांगायचंस ना! उघडला असता आणि उतरलो असतो.”

“नळ उघडला असता गं. लक्ष कुठून आणलं असतं? ते सकाळपासून ढगांत अडकलं होतं.”

“मी घाबरले नव्हते हं.”

“मी कुठे तसं म्हणतेय?”

“दादाला काय सांगणार?”

“हवा बिघडली, म्हणून परत आलो.”

“एवढ्या उन्हात?”

“तुझा दादा कुठे होता समुद्रावर?”

“बरं, पुढच्या रविवारी जायचंच हं, वहिनी.”

“जाऊ की. फक्त त्या खेपेला ‘नको’ म्हणावंसं वाटलं, तर तू म्हण. मी कारण विचारणार नाही. रस्त्यावरसुद्धा नाही.”