आत्याबाईंची अंगठी आणि काचेपलीकडचे बाळ

जबाब देणार: मोठ्या सिस्टर (सर्वजण याच नावाने ओळखतात), वय ५१ वर्षे, धंदा नोकरी, नवजात बालकांचा कक्ष. राहणार रुग्णालयामागील क्वार्टर्स, खोली क्र. ६.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, गेल्या सोमवारी सकाळी आमच्याकडे तेहतीस आठवड्यांचे बाळ जन्मले. वजन एक किलो सातशे. आईचे पाणी तीस तास आधीच गेले होते व तिला तापही होता. दिवस अपुरे, वजन कमी, त्यात हे. अशा बाळाला जंतुसंसर्ग पटकन होतो, म्हणून डॉक्टरांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला सांगितले होते.

बुधवारी अकराच्या सुमारास बाळाची आत्या भेटायला आली. मी त्यांना अंगठी काढून कोपरापर्यंत हात धुवायला सांगितले. अंगठी तीस वर्षांत निघाली नाही, असे त्या म्हणाल्या. साबणाने अंगठी निघाली, राग निघाला नाही. चार मुले हात न धुता वाढवली, असेही ऐकवले. ती चारही पूर्ण दिवसांची होती ना, असे मी विचारले. तेवढ्यात त्या दोनदा शिंकल्या. मी त्यांना काचेतूनच बाळ दाखवले. जाताना अंगठी सापडेना, तेव्हा त्यांनी माझ्यावर संशय घेऊन तक्रार दिली.

बारा वाजता बाळाने दूध घेणे सोडले. अंग गार व सैल लागले. एवढ्या लहान जिवाला संसर्गात ताप येतोच असे नाही. डॉक्टरांनी रक्त काढून लगेच इंजेक्शन सुरू केले. त्याच वेळी हवालदारसाहेब झडतीला आले. मी त्यांना बाहेर थांबवले व हात धुवायला लावले, हे खरे आहे. हा जबाब तेच लिहून घेत आहेत, त्यामुळे जास्त बोलत नाही. थांबल्या थांबल्या त्यांनीच बेसिनखालचा पाइप खोलून अंगठी काढली.

अंगठी हातात आल्यावर आत्याबाईंनी ती बघितलीसुद्धा नाही. मला हळूच विचारले, "सिस्टर, माझ्या शिंकेनं झालं का हो?"

मी म्हणाले, "नाही ताई. तुम्ही आत आलाच नाहीत. हे जन्माआधीपासूनचं दिसतंय."

त्या बाकावर बसून बराच वेळ रडल्या. मी शेजारी बसले होते. कामाची वेळ होती, तरी बसले होते.

सर्दी गेल्यापासून त्या रोज दारात असतात. बाळाच्या बापाला दोनदा हात धुवायला परत पाठवले. काल माझीही नखे तपासली. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही.

आज आठव्या दिवशी सकाळी बाळ भुकेने रडले. पूर्ण वॉर्ड उठवला. याचा प्रकरणाशी संबंध नाही, असे साहेब म्हणाले. तरी लिहा, असे मी म्हटले.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. बाळ रडल्याचे वाक्य मी दोनदा वाचायला लावले. सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.